गॉगलने भुवई फोडली की डोळा वाचवला?

निळी_सायकल | सोमवार, रात्री ९.४२

मंडळी, डाव्या डोळ्यावर पट्टी आहे, एका डोळ्याने टंकते आहे. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

काल सकाळी सव्वासातच्या सुमारास पौडच्या पुढे, मुळशीकडे जाताना, उतारावरच्या डाव्या वळणावर बारीक खडी पसरली होती. पुढचं चाक सटकलं आणि मी डाव्या अंगावर आडवी. वेग २८ च्या आसपास असेल. आधी खांदा आपटला, मग तोंड, एवढंच आठवतंय. डाव्या भुवईवर तीन सेंटिमीटरची जखम, सात टाके. गालाचं साल निघालंय, नाकाच्या दांडीवर खरचटलंय आणि डोळा वांग्याच्या रंगाचा झालाय. सीटी स्कॅन केला, हाडं शाबूत आहेत.

आता भांडण काय ते सांगते. टाके घालणारा पोरगेला डॉक्टर सहज बोलून गेला, "चष्म्याने कापलंय." आई शेजारीच उभी. झालं! तेव्हापासून आमच्या घरात तो गॉगल आरोपी आहे. "नसता घातला तर नुसतं खरचटलं असतं," हे वाक्य मी कालपासून निदान पंधरा वेळा ऐकलं. ग्रुपमधल्यांचं बरोबर उलट: "गॉगलमुळे डोळा वाचला, त्याला हार घाल."

गॉगल मोठ्या एकसंध काचेचा. फ्रेम फक्त वरच्या बाजूला, खालची कड मोकळी. काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे मजबूत प्लास्टिकची, फुटलेली नाही. पण डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात सँडपेपर फिरवल्यासारखी झाली आहे. डाव्या बिजागरीपाशी फ्रेम मोडली. हेल्मेट होतं डोक्यावर.

तुमचं काय मत?

घाटवेडा | सोमवार, रात्री ९.५८

मत कसलं विचारता ताई, काचेकडे बघा ना! तो सँडपेपर तुमच्या पापणीवर फिरला असता. आईंना ती काच दाखवा आणि विषय संपवा. लवकर बऱ्या व्हा.

चहाबिस्किट | सोमवार, रात्री १०.०३

हार घालायचा तर दांडी तुटलेल्या फ्रेमला घालणार कसा?

(काळजी घ्या हो ताई.)

कायद्याचं_बोला | सोमवार, रात्री १०.२०

प्रश्न साधा आहे आणि आमच्या धंद्यात रोजचा आहे. "हे नसतं तर ते झालं असतं का?" गॉगल नसता तर भुवई फुटली नसती, हे आईंना सिद्ध करावं लागेल. गॉगल नसता तर डोळा गेला असता, हे घाटवेड्यांना. दोघांकडेही पुरावा नाही, नुसता आवाज मोठा आहे.

कऱ्हाडी_मसाला | सोमवार, रात्री १०.४१

घाटवेडा, जरा दमानं. रस्ता सपाट असतो, डोळा खोबणीत असतो. वर भुवईचं हाड, खाली गालाचं हाड, बाजूला नाक. सपाट जमिनीवर तोंड आपटलं तर ही तीन आधी टेकतात, डोळा मागे राहतो. म्हणजे गॉगल नसता तरी डोळा बहुतेक वाचलाच असता. मग गॉगलने केलं काय? हाड आणि रस्ता यांच्यामध्ये एक कडक पट्टी आणून ठेवली.

गॉगलचा मी विरोधक नाही बरं का. गळीत हंगामात आमच्याकडे उसाच्या ट्रॉल्या दणदणीत गाणी लावून जातात आणि मागे पाचटाचा पाऊस पडतो. एकदा बिनगॉगलचा मागे लागलो होतो, पाचटाचं कुसळ बुबुळात रुतलं. डॉक्टरांनी भूल देणारे थेंब टाकून सुईच्या टोकाने काढलं. ती सुई जवळ येताना दिसते, एवढंच सांगतो. पण उडणारं कुसळ वेगळं आणि उताणा-पालथा पडणारा माणूस वेगळा.

आकडेमोड | सोमवार, रात्री ११.१५

मसालेदादांनी नेमकं बोट ठेवलंय. माझा पेशा चाचण्यांचा आहे (चष्म्यांच्या नव्हे, गाड्यांच्या सुट्या भागांच्या), त्यामुळे गप्प बसवत नाही.

चष्म्याच्या काचेची अमेरिकेतली नेहमीची परीक्षा म्हणजे १६ मिलिमीटरची पोलादी गोळी १२७ सेंटिमीटरवरून काचेवर सोडायची. गोळी साधारण १६ ग्रॅमची, म्हणजे ऊर्जा झाली ०.२ ज्यूल. युरोपातल्या जुन्या ईएन १६६ मानकात दांडीवर 'एफ' असा शिक्का मिळवायचा तर ०.८६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारत. ते ०.८७ ज्यूल. अमेरिकेच्या कारखानी चष्म्यांच्या झेड ८७.१ मानकात याहून दांडगी परीक्षा आहे. खोट्या डोक्याला चष्मा घालून त्यावर अर्ध्या किलोचं टोकदार वजन १२७ सेंटिमीटरवरून पाडतात. ते सव्वासहा ज्यूलच्या आतबाहेर.

आता ताईंचं डोकं. राग मानू नका. माणसाचं डोकं साडेचार किलोचं धरू. सायकलवर ते रस्त्यापासून दीड मीटर उंच असतं. तिथून सरळ खाली आलं तर ६६ ज्यूल. खांदा आधी टेकला म्हणून निम्मं कमी करा, तरी तीसच्या वर उरतात. २८ चा वेग यात धरायचा नाही. तो रस्त्याला समांतर, त्याने कातडी सोलते, हाड आपटत नाही.

म्हणजे चष्मा तपासला जातो तो उडत्या कचऱ्यासाठी. यातल्या एकाही चाचणीत चष्म्यावर माणूस पडत नाही. साठच्या वेगाने ट्रकच्या चाकाखालून एक ग्रॅमचा खडा उडाला तर त्याची ऊर्जा ०.१४ ज्यूल. असला खडा कुठलाही बरा गॉगल हसत झेलेल. पण पडल्यावर त्याने काय करावं, हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही. तरी तुमची काच फुटली नाही, याचं मला कौतुक वाटतं.

चहाबिस्किट | सोमवार, रात्री ११.१८

०.१४ ज्यूल म्हणजे किती चमचे?

टाकेवाली | मंगळवार, सकाळी ६.५०

त्या पोरगेल्या डॉक्टराची मी थोरली बहीण समजा. वीस वर्षं कॅज्युअल्टीत टाके घालते आहे.

आधी कामाचं. गाल किंवा वरचे दात बधिर वाटतात का? वर बघताना एकाचे दोन दिसतात का? डोळ्यापुढे ठिणग्या किंवा पडदा? यातलं एकही असेल तर हा धागा बंद करा आणि आजच नेत्रतज्ज्ञाकडे जा, सीटी नॉर्मल असला तरी. टाके पाचेक दिवसांत काढून घ्या. चेहऱ्यावर जास्त दिवस ठेवले तर टाक्यांचेच व्रण राहतात.

आता "चष्म्याने कापलंय" बद्दल. भुवईच्या खाली हाडाची कड आहे आणि वर कातडी पातळ. बोथट वस्तूचा मार बसला की कातडी त्या कडेवर आतून फाटते, आणि फाटते ती इतकी सरळ की पाहणाऱ्याला वाटावं, सुरी फिरवली. डोकं, भुवई, नडगी, जिथे हाड लगेच लागतं तिथे असंच होतं. न्यायवैद्यकाच्या तोंडी परीक्षेत हमखास विचारतात आणि पोरं हमखास चुकतात. बॉक्सर लोकांच्या भुवया फुटलेल्या पाहिल्या असतील टीव्हीवर. हातमोज्याला कुठे धार असते?

ओळखायचं कसं? कापलेल्या जखमेचे काठ स्वच्छ असतात, केस कापले जातात. फाटलेल्या जखमेचे काठ चेचलेले, तळाशी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तंतू ताणलेले, आणि केस चिरडलेले पण कापलेले नसतात. ताई, डिस्चार्ज कार्डवर जखमेपुढे काय लिहिलंय ते बघाल का? आणि भुवई भादरली नाही ना कोणी? भादरू नये. ती पुन्हा नीट येईल याची खात्री नसते आणि काठ जुळवताना केसांची रेघच कामाला येते.

निळी_सायकल | मंगळवार, सकाळी ८.३०

डॉक्टरताई, बधिरपणा नाही, दोन दोन दिसत नाही. भुवई भादरली नाही. कार्डावर कोंबडीचे पाय उमटले आहेत, पण "सीएलडब्ल्यू" असं वाचता येतंय. पुढे "३ गुणिले ०.५".

टाकेवाली | मंगळवार, सकाळी ८.४४

हाहा! सीएलडब्ल्यू म्हणजे कुटून फाटलेली जखम. कापलेली असती तर वेगळं लिहिलं असतं. तोंडाने "कापलंय" म्हणाला आणि हाताने "फाटलंय" लिहिलं. अर्धा सेंटिमीटर रुंदीही तेच सांगते.

पण प्रामाणिकपणे एक सांगते, कॅज्युअल्टीत रविवारी सकाळी सगळंच सीएलडब्ल्यू असतं. हाताला सवय लागलेली असते. हे कार्ड घेऊन कायद्याचं_बोला यांच्या कोर्टात उभं राहू नका.

घाटवेडा | मंगळवार, सकाळी ९.०५

म्हणजे गॉगल निर्दोष! मी काय म्हणत होतो!

कऱ्हाडी_मसाला | मंगळवार, सकाळी ९.३०

कसा निर्दोष? फ्रेमची वरची पट्टी बोथटच आहे की! भुवईवर कुटायला ती पुरेशी आहे. "कापलं नाही" एवढंच ठरलं. "कुटलं कोणी" हे बाकी आहे. रस्त्याने का फ्रेमने?

टाकेवाली | मंगळवार, सकाळी ९.४१

मान्य. जखमेत डांबराचे काळे कण होते का, हे विचारायला हवं होतं. रस्ता लागला असेल तर खडी-माती आत जाते, धुताना दिसते. फ्रेम मध्ये असेल तर जखम बऱ्यापैकी स्वच्छ मिळते.

निळी_सायकल | मंगळवार, सकाळी १०.१२

गाल धुताना तो पोरगा ब्रशने घासत होता आणि मी ओरडत होते, ते चांगलं आठवतंय. भुवई मात्र नुसती सलाईनने धुतली, पटकन. आईलाही तसंच आठवतंय. म्हणजे गालात माती होती, भुवईत नव्हती.

(आई हे वाचून "बघ!" म्हणाली. सोळावी वेळ.)

कायद्याचं_बोला | मंगळवार, सकाळी १०.२०

साक्षीदार क्रमांक दोन, आई, विश्वासार्ह वाटतात.

उट्रेख्तकर | मंगळवार, दुपारी १.५५

इथे नेदरलँड्समध्ये दोन मुलं पुढच्या पेटीत आणि भाजी मागे टांगून लोक पावसातून जातात. हेल्मेट नाही, गॉगल तर नाहीच. एवढी चर्चा इथे कोणाला पटणार नाही.

घाटवेडा | मंगळवार, दुपारी २.०१

तुमच्याकडे वळणावर खडी टाकून कंत्राटदार गायब होत नाही ना दादा.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी ३.३०

ताई, काचेवरचे ओरखडे नेमके कुठे आहेत? गॉगल घालून आरशात बघितलंत तर बुबुळासमोर येतात की गालासमोर? मसालेदादा म्हणतात ते खरं असेल तर डोळ्यासमोरचा भाग स्वच्छ हवा.

अवांतर, पण विषयाला धरून. छोटी वस्तू खोबणीत शिरते, मोठी शिरत नाही. स्क्वॉशचा चेंडू ४ सेंटिमीटरचा, खोबणीच्या तोंडाएवढाच. म्हणून त्या खेळात डोळे जातात. मार्क बाउचर आठवतो? २०१२ मध्ये टाँटनला यष्टीमागे उभा होता, फलंदाज त्रिफळाचीत झाला आणि उडालेली बेल थेट डाव्या डोळ्यात. कारकीर्द तिथेच संपली. चेंडूने नाही, इवल्याशा बेलने.

चहाबिस्किट | मंगळवार, दुपारी ३.४१

आपला सबा करीमसुद्धा. २०००, ढाका, कुंबळेचा चेंडू. त्याचा उजवा डोळा.

निळी_सायकल | मंगळवार, संध्याकाळी ७.२०

केला प्रयोग. मोडलेली दांडी सेलोटेपने चिकटवली आणि न्हाणीघरातल्या आरशापुढे उभी राहिले. आई दारात, हाताची घडी.

ओरखड्यांचा मोठा भाग गालाच्या हाडासमोर आहे, म्हणजे मसालेदादा जिंकले. पण दोन खोल चरे वेगळे निघाले. ते वर चढत बुबुळाच्या बरोबर समोर येऊन थांबतात. नख घातलं तर नख अडकतं. टोकदार खडीशिवाय असा चरा पडणार नाही. आईने त्या चऱ्यावरून स्वतः नख फिरवून पाहिलं. काही बोलली नाही. चहा करायला गेली.

कऱ्हाडी_मसाला | मंगळवार, संध्याकाळी ७.३८

दोन चरे असतील तर मी अर्धा शब्द मागे घेतो. रस्ता सपाट असतो असं म्हणालो होतो, त्यावर खडी होती हे विसरलो. भुवईबद्दल मात्र ठाम आहे.

घाटवेडा | मंगळवार, संध्याकाळी ८.०२

आणखी एक मुद्दा. दांड्या हेल्मेटच्या पट्ट्यांच्या आत होत्या की बाहेर? शर्यतीतले लोक बाहेर ठेवतात. लोकांना वाटतं फॅशन. पण पडल्यावर गॉगल मोकळा उडून जावा, हेही त्यामागचं एक कारण सांगतात.

आकडेमोड | मंगळवार, संध्याकाळी ८.१०

उडून गेला असता तर ते दोन चरे कुठे पडले असते?

घाटवेडा | मंगळवार, संध्याकाळी ८.१२

...

पंपावरचा_मामा | मंगळवार, रात्री ९.२५

मी सायकली दुरुस्त करतो, डोळे नाही. ताई, हेल्मेटवर खुणा कुठं आहेत? आणि निघायच्या आधीचा कोणाकडे फोटो असेल तर टाका.

निळी_सायकल | मंगळवार, रात्री ९.५०

हेल्मेट डाव्या कानाच्या वर घासलंय, आतला थर्माकोल तिथे चिरलाय. पुढच्या कडेला एक ओरखडा नाही. फोटो चांदणी चौकातला, टपरीवरचा. टाकला आहे.

पंपावरचा_मामा | मंगळवार, रात्री १०.१४

बघितला. कपाळ चार बोटं उघडं आहे. हेल्मेट मागं सरकलंय, टोपी घालावी तसं. भुवईच्या वर दोन बोटं, त्याहून जास्त नको. दोन बोटांवर असतं तर पुढची कड आधी रस्त्याला लागली असती आणि भुवई तिच्या आडोशाला राहिली असती. कड कोरी आहे म्हणजे ती रस्त्यापर्यंत पोचलीच नाही.

दुकानात गिऱ्हाईक हेल्मेट घालून बघतं तेव्हा गॉगल खिशात असतो. इथंच घोटाळा होतो.

टाकेवाली | मंगळवार, रात्री १०.३०

मामा, शंभर टक्के. १९९९ चा कॉक्रेन आढावा आहे, रुग्णालयात आलेल्या सायकलस्वारांवरच्या पाच अभ्यासांचा. हेल्मेटने चेहऱ्याच्या वरच्या आणि मधल्या भागातल्या जखमा ६५ टक्क्यांनी कमी होतात, असं त्यात निघालं. कपाळ आणि भुवई यातच आली. जबड्याला हा फायदा नाही, तिथवर कड पोचत नाही. पण त्यासाठी हेल्मेट नीट घातलेलं हवं.

निळी_सायकल | बुधवार, सकाळी ७.०५

रात्री मामांचं वाचलं आणि अंथरुणातून उठून पुन्हा आरशापुढे गेले. हेल्मेट दोन बोटांवर बसवलं, सेलोटेपवाला गॉगल घातला. गॉगलची वरची कड हेल्मेटच्या कडेला टेकते आणि सगळा गॉगल नाकावरून खाली ढकलला जातो. मग हात आपोआप वर जातो आणि हेल्मेट मागे सारतो. हा हात मी गेले आठ महिने रोज हलवते आहे. मला कधी जाणवलंच नव्हतं. त्या आधीचा छोटा गॉगल होता तेव्हा असं होत नसे. जुने फोटो काढून पाहिले, त्यात हेल्मेट बरोबर दोन बोटांवर आहे.

आता बोला.

कायद्याचं_बोला | बुधवार, सकाळी ९.१५

आता खटल्याला रंग आला! आरोपीने वार केला की नाही ते बाजूला राहू द्या. त्याने पहारेकऱ्याला जागेवरून हटवलं.

कऱ्हाडी_मसाला | बुधवार, सकाळी ९.३३

म्हणजे आई बरोबर, फक्त कारण चुकीचं?

आकडेमोड | बुधवार, सकाळी ९.५०

आणि घाटवेडाही बरोबर, चऱ्यांपुरता. पण माझं मत, दोष गॉगलचा नाही आणि हेल्मेटचाही नाही, दोघांच्या जोडीचा आहे. चष्म्याची परीक्षा एका प्रयोगशाळेत होते, हेल्मेटची दुसऱ्या. दोन्ही एका डोक्यावर बसवून कोण बघतं?

घाटवेडा | बुधवार, सकाळी १०.४०

ताई, काच किती गडद होती? दांडीच्या आत ० ते ४ असा आकडा असतो.

निळी_सायकल | बुधवार, सकाळी १०.५५

३. का?

घाटवेडा | बुधवार, सकाळी ११.०२

३ म्हणजे फक्त ८ ते १८ टक्के उजेड आत येतो. भर उन्हासाठी ठीक. सकाळी सव्वासातला, वळणावर झाडी, उन्हातून सावलीत शिरताना काळ्या डांबरावरची करडी खडी दिसेल? मी दोन दिवस गॉगलची वकिली केली, आता मीच उलट साक्ष देतो. भुवई कोणी फोडली माहीत नाही, पण पाडण्यात त्याचा हात असू शकतो. पावसाळ्यात आणि पहाटे मी ० नंबरची पांढरी काच वापरतो. दुकानात "यूव्ही ४००"चं स्टिकर बघून लोक घेतात, त्याचा गडदपणाशी आणि मजबुतीशी काही संबंध नाही.

चहाबिस्किट | बुधवार, सकाळी ११.०४

फितूर साक्षीदार!!

टाकेवाली | बुधवार, दुपारी २.१५

रस्त्याकडेला दीडशे रुपयांना मिळतात ते कोणी घालत असेल तर कृपया नको. त्यातले बरेच ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिक फुटलं की भाल्यासारखे तुकडे होतात. प्लास्टिकचा तुकडा साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, जखमेत राहिला तर शोधताना आमची दमछाक होते. इथे काच फुटली असती तर हा धागा इतका हसतखेळत चालला नसता.

निळी_सायकल | शुक्रवार, संध्याकाळी ६.३०

आज टाके निघाले. डॉक्टर तोच. मी विचारलं, "कापलेलं होतं की फाटलेलं?" त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही डॉक्टर आहात का?" म्हटलं, नाही, पण माझ्या बऱ्याच ओळखी आहेत. मग म्हणाला, "फाटलेलं होतं. चष्म्याने असेल असं मला वाटलं, एवढंच."

येताना हेल्मेट पिशवीत घेऊन दुकानात गेले. डोक्यावर हेल्मेट चढवून काउंटरपाशी उभी राहिले आणि एकेक गॉगल घालून बघितला. मालक आधी हसला, मग स्वतःच आरसा धरून उभा राहिला. सहावा बसला. काच छोटी, पांढरी, वरची कड हेल्मेटखाली अर्धा बोट मोकळी. आईने दुकानातच काच दोन्ही अंगठ्यांनी वाकवून पाहिली. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पंपावरचा_मामा | शुक्रवार, रात्री ८.५०

चांगलं केलंत. ताई, एक विचारायचं राहूनच गेलं. टायर २५ मिलिमीटर रुंदीचे ना? हवा किती होती?

निळी_सायकल | शुक्रवार, रात्री ८.५८

१२०.

पंपावरचा_मामा | शुक्रवार, रात्री ९.०१

तुमचं वजन किती?

निळी_सायकल | शुक्रवार, रात्री ९.०३

५६. हसू नका. टायरवर छापलं होतं तेवढी भरली.

पंपावरचा_मामा | शुक्रवार, रात्री ९.०४

ते जास्तीत जास्त किती, ते छापलेलं असतं हो ताई! ५६ किलोला १२० म्हणजे खडीवर गोट्यांवरून चालल्यासारखं.

चहाबिस्किट | शुक्रवार, रात्री ९.०५

नवा धागा काढा. आणि आईंना सांगू नका.